आधी सोबती, मग रस्ता

घरातला तरुण मुलगा मोटारसायकलवर लडाखला जायचं म्हणाला, की दोन प्रश्न लगेच निघतात. खर्च किती येईल आणि गाडी तेवढी टिकेल का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण त्यांच्याही आधी विचारायचा प्रश्न मागे राहून जातो : बरोबर कोण आहे?

अरबीत एक जुनी म्हण आहे, आधी सोबती पाहा, मग रस्ता धरा. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी जुम्ह्याच्या बयानात ऐकली असेल. एका माणसाने दुसऱ्याच्या चांगुलपणाची ग्वाही दिली, तेव्हा हजरत उमर यांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तू त्याचा शेजारी आहेस का, त्याच्याशी पैशाचा व्यवहार केला आहेस का, त्याच्याबरोबर सफर केली आहेस का? तिन्हींचं उत्तर नाही असं आलं. तेव्हा त्यांनी सांगितलं, की मग तू त्याला ओळखतच नाहीस. शेजार आणि व्यवहार यांतून माणूस कळतो हे सगळ्यांना पटतं. सफर त्यांच्या बरोबरीने का ठेवली, हे मला 2023 च्या उन्हाळी सुट्टीत नीट उमगलं.

सेलू, मंठा आणि जिंतूरकडचे रस्ते जिथे मिळतात त्या देवगाव फाट्यावर माझ्या दोस्ताचं दुचाकीचं गॅरेज आहे. मी शाळेत शिकवतो. खार्दुंग ला ही लेहच्या वरची खिंड गाडीने चढायची, हे त्याचं जुनं स्वप्न. त्यासाठी चार वर्षं तो रोजच्या कमाईतून थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत होता. मला सुट्टी होती आणि त्याला सोबत हवी होती.

आमचा बेत कळल्यावर मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी हरकत घेतली. एकट्याने किंवा दोघांनी प्रवास करणं प्रेषितांनी (स.) पसंत केलेलं नाही, तिघे झाले की काफिला होतो, अशा अर्थाची हदीस त्यांनी आठवण करून दिली. उलेमा या हदीसचा अर्थ सांगताना त्या काळच्या निर्जन, धोक्याच्या वाटांचा उल्लेख करतात. एकाला काही झालं, तर एक जवळ थांबेल आणि एक मदत आणायला जाईल, असा तिघांचा उपयोग. आम्ही त्यातून आमच्यापुरता नियम काढला : जिथे वस्ती नाही, तिथे दुसऱ्या गाड्यांची सोबत मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तीन माणसं सफरीला निघाली तर एकाला अमीर करावं, हीसुद्धा प्रेषितांची (स.) शिकवण आहे. आम्ही दोघेच होतो, तरी अमीर नेमला. गाडीची जाण दोस्ताला जास्त, म्हणून अमीर तो. कुठे थांबायचं, कधी निघायचं आणि मुख्य म्हणजे कुठून मागे फिरायचं, यात शेवटचा शब्द त्याचा. वाद घालायचा तो मुक्कामावर, रस्त्यात नाही. शिवाय डोंगरात रोज सकाळी, दुपारी आणि रात्री एकमेकांना तीन गोष्टी विचारायच्या : डोकं दुखतंय का, मळमळतंय का, झोप लागली का? लाज न बाळगता खरं उत्तर द्यायचं.

घरच्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली, ती इथेही सांगतो. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं. हे माहीत नसलं की पंजाबची हद्द संपताच मुलाचा फोन बंद होतो आणि इकडे आईचा जीव टांगणीला लागतो. आम्ही एक पोस्टपेड सिम घेतलं, आणि तरीही दोन-दोन दिवस फोन लागणार नाही हे घरी समजावलं. अम्मीने निघताना दुआ दिली आणि दोस्ताला म्हणाली, "हा तुझ्याकडे अमानत आहे."

जालना, अजिंठा, जळगाव, बुऱ्हाणपूर, इंदूर, कोटा, जयपूर, अंबाला, पठाणकोट, जम्मू, श्रीनगर आणि मग लेह. जायचं अंतर सुमारे अडीच हजार किलोमीटर. मे महिन्यातलं माळवा आणि राजस्थान म्हणजे तापलेला तवा. फजर पढून निघायचं, अकराच्या आत सावली गाठायची, असरनंतर पुन्हा निघून मगरिबला मुक्काम करायचा. रात्री गाडी चालवायची नाही. नमाजच्या वेळांनीच आमचं वेळापत्रक आखून दिलं. शरीराला विश्रांती मिळाली आणि इंजिनलाही.

मुसाफिराच्या नमाजबद्दल तरुण मुलं बऱ्याचदा विचारतात. हनफी मतानुसार साधारण 77-78 किलोमीटर किंवा त्याहून लांब जायच्या इराद्याने आपली वस्ती ओलांडली, की माणूस मुसाफिर होतो. म्हणजे आमची कसर जालन्याला पोचल्यावर नव्हे, फाट्याची शेवटची घरं मागे पडताच सुरू झाली. जोहर, असर आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फजरचे दोन आणि मगरिबचे तीन तसेच राहतात. स्थानिक इमामामागे पढली तर पूर्ण चार. एका ठिकाणी 15 दिवस किंवा जास्त राहायची नियत केली तर कसर संपते. कोकणातले आपले शाफई बंधू प्रवासात दोन नमाजा एकत्रही पढू शकतात. त्यांचे मुक्कामाचे नियम वेगळे आहेत, ते आपल्या आलिमांना विचारावेत.

थंड प्रदेशात सगळ्यात कामाला आले ते चामडी मोजे. वुजू करून ते चढवले, की पुढच्या वुजूत पाय न धुता त्यांवर ओला हात फिरवायचा. ही सवलत घरी राहणाऱ्याला एक दिवस-रात्र आणि मुसाफिराला तीन दिवस-रात्र असते. द्रासच्या पाण्यात पहाटे हात बुडवला, की ही सवलत किती मोठी रहमत आहे ते कळतं.

लेहला जायला मनालीचाही रस्ता आहे. पण तो फार लवकर फार उंच नेतो आणि मुक्कामही उंचावर पडतो. श्रीनगरचा रस्ता हळूहळू चढतो. श्रीनगर सव्वापाच हजार फुटांवर, द्रास पावणेअकरा हजारांच्या आसपास, कारगिल पुन्हा पावणेनऊ हजारांवर आणि लेह साडेअकरा हजारांवर. हजार-दीड हजार फुटांवर राहणाऱ्या परभणीच्या माणसाला हाच रस्ता बरा.

सोनमर्गच्या पुढे झोजी ला. एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला दरी आणि मधे चिखल. बर्फ वितळून रस्त्यावर येणारं पाणी दुपारी वाढतं, म्हणून सकाळी लवकर निघालो. कार्ब्युरेटरची गाडी उंचावर दम तोडते. हवा विरळ होते, पेट्रोल मात्र तेवढंच येत राहतं, त्यामुळे धूर निघतो आणि ताकद जाते. दोस्ताने तिथल्या तिथे सेटिंग बदलली. क्लचची वायर, अ‍ॅक्सिलेटरची वायर, प्लग, दोन ट्यूब, हवेचा पंप आणि पाने आमच्या पिशवीत होतेच. आमची गाडी फार अडली नाही. मात्र वाटेत दुसऱ्या तिघांच्या गाड्या त्याने चालू करून दिल्या. मजुरीचं नाव काढलं की तो हात झटकायचा.

द्रासला कारगिल युद्धाचं स्मारक आहे. 1999 च्या लढाईत शहीद झालेल्या जवानांची आठवण तिथे जपलेली आहे. तिथे मला कॅप्टन हनीफुद्दीन आठवले. दिल्लीचा हा तरुण अधिकारी 6 जून 1999 रोजी तुर्तुक भागात बर्फाच्छादित उंचावर लढताना शहीद झाला. वय 24. सरकारने त्यांना मरणोत्तर वीरचक्र दिलं आणि त्या भागाला सब सेक्टर हनीफ असं नाव मिळालं. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं.

कारगिलमध्ये बहुसंख्य लोक शिया. जोहरला मशिदीत गेलो. शेजारचे म्हातारे गृहस्थ हात सोडून उभे होते आणि सजद्यात मातीच्या टिकलीवर कपाळ टेकत होते. आम्ही हात बांधले. नमाज झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, की कुठून आलात, आणि बाहेर नेऊन चहा पाजला. पंथ विचारला नाही.

लेहच्या बाजारात सतराव्या शतकातली जामा मशीद आहे. या शहरातून एके काळी यारकंदला काफिले जात. वाट खार्दुंग ला, सासेर ला आणि काराकोरम खिंडीची. तिकडून येणाऱ्या मुसाफिरांत हाजीही असत. ते ही बर्फाची खिंडार ओलांडून, काश्मीरमार्गे खाली उतरून मुंबईसारख्या बंदरात जहाज पकडत. गलवान खोऱ्याला ज्यांचं नाव आहे ते गुलाम रसूल गलवान याच लेहचे. गरीब घरातला मुलगा काफिल्यांबरोबर नोकर म्हणून जाऊ लागला आणि पुढे लेहच्या व्यापारी काफिल्यांचा प्रमुख अधिकारी झाला. त्या काळी हा रस्ता पायी आणि घोड्यांवर पार होत असे, आणि काफिला सोडून एकटं पुढे जाणं म्हणजे जीव धोक्यात घालणं.

लेहमध्ये पोचल्यावर दोन रात्री पूर्ण विश्रांती घ्यावी, असं तिथले डॉक्टर आणि प्रशासन सांगतं. ती आम्ही घेतली. समुद्रकाठच्या मानाने लेहला श्वासातून मिळणारा प्राणवायू दोन तृतीयांशाच्या आसपास असतो, खार्दुंग लाच्या साडेसतरा हजार फुटांवर जेमतेम निम्मा. तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. खिंडीच्या अलीकडे साउथ पुल्लू म्हणून चौकी आहे. तिथे पोचेपर्यंत माझं डोकं ठणकू लागलं होतं. गाडीवरून उतरलो तर चालताना पाय नीट पडेना. अमीराने नेहमीचे प्रश्न विचारले, मी जसं होतं तसं सांगितलं.

"इथून माघारी," तो म्हणाला.

खिंड पंधराएक किलोमीटरवर होती. अडीच हजार किलोमीटर आम्ही तिच्यासाठी आलो होतो. मी म्हणालो, मी चौकीत बसतो, तू एकटा जाऊन ये, तासा-दीड तासाचं काम आहे. त्याने वर रस्त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी वळवली, मला मागे बसवलं आणि पडू नये म्हणून ओढणीसारखा माझा रुमाल दोघांच्या कमरेला बांधला. लेहला उतरून थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी प्राणवायू लावला आणि सांगितलं, की वेळेवर खाली आणलंत. उंचीच्या आजारात साधी डोकेदुखी विश्रांतीने जाते. पण तोल जाणं, बरळणं, बसल्या जागी धाप लागणं, फेसाळ खोकला येणं ही लक्षणं दिसली, की वाट न पाहता खाली उतरायचं. त्यावर तोच पहिला इलाज. एक-दोन तास जिद्दीने पुढे गेलेली तरुण, धडधाकट माणसंसुद्धा यात जीव गमावतात.

मला बरं वाटायला दोन दिवस लागले. तोवर सुट्टीचे दिवस संपत आले होते. नुब्रा राहिलं, तुर्तुक राहिलं, खार्दुंग लाही राहिला. परतीच्या सबंध वाटेत दोस्ताने त्याबद्दल एक शब्द काढला नाही. फाट्यावर मंडळींनी खिंडीच्या पाटीजवळचा फोटो मागितला तेव्हा तो म्हणाला, "माणूस परत आणला की." आणि समोरच्या गाडीचा प्लग काढायला बसला.

हे सगळं मुलांना घाबरवण्यासाठी लिहिलेलं नाही. जमीन फिरून पाहण्याची ताकीद कुरआनने जागोजागी दिली आहे. मुलांना जाऊ द्यावं. पण आई-वडिलांनी हेल्मेट, विमा आणि पैशांबरोबर सोबत्याचीही चौकशी करावी. त्याला घरी जेवायला बोलवावं. एखादी छोटी सफर, पैठण किंवा माहूरपर्यंतची, दोघांना आधी करू द्यावी. भूक लागल्यावर, पंक्चर झाल्यावर, पैसे कमी पडल्यावर तो कसा वागतो, ते एका दिवसातही दिसतं. मुलांनीही स्वतःला विचारावं, की दोस्त आजारी पडला तर माझं स्वप्न मी तिथेच ठेवून मागे फिरेन का? उत्तर होय असेल, तरच निघावं.

सफर हा त्रासाचा एक भाग आहे, काम झालं की लवकर घरी परतावं, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अवेळी, न कळवता रात्री घराचं दार वाजवू नये, हीसुद्धा. शेवटच्या दिवशी जालन्याला इशा झाली. घर दोन तासांवर होतं, तरी अमीराने तिथेच मुक्काम केला आणि दोन्ही घरी फोन करून सकाळी येतो असं कळवलं. सकाळी आधी मशिदीत जाऊन शुक्राच्या दोन रकअत पढल्या. मग तो मला आमच्या दारापर्यंत सोडायला आला आणि अम्मीला म्हणाला, "तुमची अमानत सांभाळा."

अल्लाह आपल्या मुलांना भले सोबती देवो आणि प्रत्येक मुसाफिराला सुखरूप घरी आणो. आमीन.