बांबू आपला, टीपी त्यांची

खरं लिहितो, काही जणांना राग येईल.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसाला मालकी म्हणजे काय हे कोणी शिकवायची गरज नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलाय. 2009 मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 1800 हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना, म्हणजे टीपी, वनखात्याच्याच हातात. बांबू तुमचा, पण नाक्यावरून जाईल की नाही ते आम्ही ठरवू! एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा कुठे टीपीचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं.

मग इंटरनेटवर तोच फरक आपण काहून विसरतो?

आमच्या बाजूच्या एका गावाच्या ग्रामसभेचं एका मोठ्या कंपनीच्या ॲपवर पेज होतं. तेंदूपत्त्याच्या लिलावाची सूचना, शेकडा दर, कोणाच्या पुडक्यांचे किती पैसे झाले, ठरावांचे फोटो, सगळं त्यावर. ज्या पोराने ते उघडलं त्याचा नंबर बदलला, मग खातंच लॉक झालं. मी स्वतः त्याच्याजवळ बसून दोन महिने फॉर्म भरले. उत्तर आलं ते यंत्राचं. वनखात्यात निदान भांडायला एक साहेब तरी असतो बाप्पा! पुढच्या हंगामात ठेकेदाराशी मागच्या दरावरून वाद झाला तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं.

हे नवीन नाही. जिओसिटीज 2009 मध्ये बंद, ऑर्कुट 2014 मध्ये, गूगल प्लस 2019 मध्ये. ऑर्कुटवरच्या मराठी गप्पा आज कुठे आहेत? 2016 मध्ये ट्रायने ‘फ्री बेसिक्स’सारख्या योजना अडवल्या तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आणि मग आपल्या पायांनी चालत त्याच कुंपणात जाऊन बसलो.

उपाय फार साधा आहे, म्हणूनच कोणी विकत नाही. एक एचटीएमएल फाईल. वर गावाचं नाव, खाली मजकूर, तारखेप्रमाणे. जाहिरात नाही, लॉगिन नाही, आपोआप वाजणारा व्हिडिओ नाही. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, तरी ही पोस्ट एवढा मजकूर आठ-दहा केबीत बसतो. मोबाईलचा एक फोटो याच्या शेकडो पट जड असतो. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहते, भामरागड तुटतं, नेटवर्कची एखादी काडी येते-जाते. तेव्हा असं पान उघडतं, चकचकीत ॲप गोल फिरत राहते. ‘डॉट इन’ नाव साधारण हजार रुपयांच्या आत वर्षभर मिळतं. 2014 पासून ‘डॉट भारत’ही आहे, पत्तासुद्धा देवनागरीत.

“तिथे येणार कोण?” हे हमखास विचारलं जातं. अरे, लिंक व्हॉट्सॲपवर टाका ना! बाजारात हाळी द्यायला कोणी मना केलं? पण धान्याची कोठी आपल्या घरात ठेवा. मी पण हे इथेच लिहितोय, कारण तुम्ही इथे आहात. मूळ प्रत माझ्या पानावर आहे.

एक कबूल करतो. नावाचं भाडं दरवर्षी भरावं लागतं, विसरलात तर तेही जातं. सर्व्हरसुद्धा दुसऱ्याचाच. पण तो त्रास द्यायला लागला तर फाईल पेनड्राईव्हवर घ्यायची आणि दुसरीकडे चढवायची, अर्ध्या तासाचं काम. ॲपवरून असं बिऱ्हाड हलवून दाखवा! आणि पासवर्ड एका पोराच्या डोक्यात नको, ग्रामसभेच्या रजिस्टरमध्ये हवा.

मला जास्त काळजी झाडीबोलीची वाटते. वडसाकडची नाटकं, म्हाताऱ्यांनी सांगितलेली रानभाज्यांची नावं, आपण सगळं चोवीस तासांत पुसल्या जाणाऱ्या स्टेटसवर उधळतोय. आजी गेल्यावर ते नाव कुठे शोधणार?

मेच्या हंगामाआधी ज्या ग्रामसभांना असं पान करायचंय त्यांनी सांगा, मी येतो. लॅपटॉप नसला तरी चालते, मोबाईलवर होते. फक्त मागच्या तीन वर्षांचे ठराव आणि तेंदूचा हिशेब काढून ठेवा, शोधायलाच जास्त वेळ लागतो.