थर्ड पार्टीचे पैसे कोण देतं, ते आधी विचारा

कर्जत-खालापुरात पाऊस कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. तरी मार्च सरला की माथेरानच्या कुशीतल्या आणि भीमाशंकरकडच्या वाड्यांवर टँकरची वाट बघणं सुरू होतं. कातळाचा उतार, पाणी पावसाळ्यातच ओघळून जातं, हे खरं. मोरबे धरण खालापूर तालुक्यात आणि पाणी नवी मुंबईला, हेही खरं. पण तिसरं एक कारण आहे, त्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. पुष्कळ गावांत योजना झालेली असते. टाकी असते, नळही असतात. नसतं ते पाणी.

जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं. माणशी रोज 55 लिटर, तेही घरातल्या नळाला. महाराष्ट्रात निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा. मुदत आता 2028 पर्यंत वाढवली आहे, म्हणजे अर्धवट कामं सुधारायला अजून वाव आहे. या मिशनच्या सूचनांतच त्रयस्थ तपासणी सांगितलेली आहे. काम जिल्हा परिषद किंवा जीवन प्राधिकरण करून घेणार, पण माल आणि काम तपासणार बाहेरची संस्था, आणि तिच्या तपासणीशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही. गावात हिला सगळे ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी तिची ओळख टाकीपाशी काढलेल्या फोटोपुरतीच असते.

आणि ही रड फक्त आपल्याकडची नाही. 2025 मध्ये केंद्राने राज्याराज्यांत पथकं पाठवून योजना तपासल्या. त्यानंतर कारवाईच्या ज्या याद्या आल्या, त्यांत अधिकारी होते, ठेकेदार होते आणि दीडशेच्या आसपास त्रयस्थ तपासणी संस्थाही होत्या. ज्यांना राखणीला ठेवलं त्यांचंच नाव यादीत!

मग तपासणीच नको का? नको कशी! प्रश्न पैसा कुणाच्या हातून जातो याचा आहे. ज्या कार्यालयाला काम वेळेत संपवून दाखवायचं आहे, तेच तपासणाऱ्याला नेमणार आणि तेच त्याचं बिल मंजूर करणार. त्याने ‘हा चर उथळ आहे, पुन्हा खणा’ असं लिहिलं तर उशीर त्याच कार्यालयाच्या माथी. माणूस वाईट नसला तरी त्याचा हात आखडतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत हे ओळखून तपासणीचे तीन थर केले. तिसऱ्या थराचे तपासनीस थेट दिल्लीहून नेमले जातात, रस्ता बांधून घेणाऱ्या कार्यालयाकडून नव्हे. त्यानेही सगळे रस्ते टिकले असं नाही, पण निदान तपासणाऱ्याला त्या कार्यालयाची मर्जी राखावी लागत नाही.

‘तपासणीवर पैसा कशाला, तोच पाइपाला लावा’ असं म्हणणारे गावोगाव भेटतात. जरा हिशेब करा. समजा योजना एक कोटीची आहे आणि शंभरातला एक रुपया तपासणीला ठेवला, तर होतो एक लाख. बुजवलेले चर पुन्हा उकरून लाइन बदलायची झाली तर तेवढ्यात काय होणार?

म्हणून गावाने स्वतःचा तपासणारा नेमावा. त्याचा पैसा आणायचा कुठून, तर दोन वाटा आहेत. एक, ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो अबंधित निधी मिळतो त्यातून. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा आणि आराखड्यात घालून घ्या. दुसरी वाट खालापूरकरांना जास्त सोपी. खोपोली, सावरोली, रसायनी-पाताळगंगा या पट्ट्यात कारखान्यांना तोटा नाही. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला द्यावे लागतात आणि पिण्याचं पाणी त्या यादीत आहे. कंपनीला नाव रंगवायला टाकी आवडते, हे मला माहीत आहे. तरी मागा. फक्त पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यातून जावा आणि तपासणारा ग्रामसभेने ठरवावा: एखादं तंत्रनिकेतन, अभियांत्रिकी महाविद्यालय, नाहीतर ठेकेदाराशी संबंध नसलेला निवृत्त अभियंता.

तो येईपर्यंत काही गोष्टी तुम्हीही बघू शकता. काळ्या एचडीपीई पाइपावर आयएस 4984 हा आकडा, व्यास आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो. तो अंदाजपत्रकाशी ताडून पाहा. चराची खोली टेपने मोजा. आपल्याकडे खाली कातळ लागतो आणि तो फोडायचा कंटाळा पाइप वर ठेवून भागवला जातो. मग पहिला नांगर किंवा जेसीबी लाइन तोडतो. काँक्रीटची उंच टाकी भरली की सात दिवस तिला पाणी प्यायला द्यायचं आणि पुढचे सात दिवस बाहेरची बाजू कोरडी राहते का ते बघायचं. एक दिवस टाकी भरून नारळ फोडला, तर ती चाचणी नव्हे. आणि विहिरीला पाणी किती, हे मे महिन्यात बघा. भिवपुरीच्या वीजगृहातून सुटलेलं पाणी पेज आणि उल्हास नद्यांना मिळतं, म्हणून तिथल्या काठच्या विहिरी तग धरतात. डोंगरावरच्या वाडीच्या विहिरीला ते सुख नाही, आणि ऑगस्टमध्ये तर सगळ्याच विहिरी भरलेल्या दिसतात.

कागद दाखवत नसतील तर माहिती अधिकार आहेच. 2005 च्या या कायद्यात काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर तोही नाही. तपासणी अहवाल, मोजमाप पुस्तिका आणि दिलेली बिलं मागा. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून परत येतो.

योजना गावाच्या ताब्यात घेताना ग्रामपंचायतीची सही लागते. ती घाईने देऊ नका; पुढची दुरुस्ती आणि वीजबिल तुमच्याच पाणीपट्टीतून जायचं आहे. 1 मेच्या ग्रामसभेत एवढा ठराव लिहून घ्या: ‘ग्रामसभेने निवडलेल्या तपासनीसाचा अहवाल सभेत वाचून दाखवेपर्यंत आणि मे महिन्यात शेवटच्या घरापर्यंत सलग पंधरा दिवस पाणी येईपर्यंत ही योजना ताब्यात घेतली जाणार नाही.’ सूचक, अनुमोदक आणि सभेतल्या हजेरीचा आकडा लिहायला विसरू नका, आणि प्रत त्याच आठवड्यात अलिबागला जिल्हा परिषदेत देऊन पोच घ्या.