नाकावर भिस्त ठेवण्याचे दिवस सरले

पीयूसीची मुदत संपत आली की अनेक घरांच्या पार्किंगमध्ये एक ठरलेले काम होते. कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पाव-अर्धा फेरा फिरवून मिश्रण लीन करायचे, गाडी तपासणीला न्यायची, सायलेन्सरात नळी असेपर्यंत इंजिन कसेबसे चालू ठेवायचे आणि कागद हातात पडला की घरी येऊन स्क्रू होता तिथे परत आणायचा. आपल्या मासिकाचा वाचक स्वतःच्या हाताने गाडी उघडणारा आहे, आणि हे काम त्याच्याइतक्या सफाईने दुसऱ्या कोणाला जमत नाही. म्हणून त्याविषयी त्याच्याशीच बोलायला हवे.

या तपासणीत नेमके काय मोजले जाते? कार्ब्युरेटरच्या जुन्या चार-स्ट्रोक दुचाकीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ४५०० पीपीएम इतकी मुभा आहे. इंजिन सुस्थितीत असेल, एअर फिल्टर स्वच्छ असेल, टॅपेट आणि प्लग ठीक असतील, तर ही मर्यादा पाळायला स्क्रूला हात लावावाच लागत नाही. लावावा लागतोय याचा अर्थ दुसरीकडे कुठेतरी बिघाड आहे आणि आपण तो सहा महिने पुढे ढकलतो आहोत. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत मोजलीच जात नाहीत. मिश्रण थोडे लीन झाले की सिलिंडरमधले तापमान आणि शिल्लक ऑक्सिजन मिळून नेमकी हीच ऑक्साइडे वाढवतात. कागदावर गाडी स्वच्छ ठरते आणि रस्त्यावर वेगळाच धूर सोडते, तोही डोळ्यांना न दिसणारा.

आपल्यातले बरेच जण टू-स्ट्रोकच्या काळात शिकले. चेतक, लॅम्ब्रेटा, पुढे आरएक्स १००. लिटरमागे २० मिली ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचे, सायलेन्सर कार्बनने भरला की तो जाळून मोकळा करायचा, फिलर गेजने पॉइंटचा गॅप लावायचा. ती गाडी आपल्याशी नाका-कानांतून बोलायची. निळा धूर दिसला की ऑइल जळतेय, काळा दिसला की मिश्रण रिच आहे, पांढरी वाफ जाता जाईना तर कुठेतरी पाणी शिरले आहे. हे ज्ञान खरे होते आणि आजही खरे आहे. त्याच गाड्या न जळलेले पेट्रोल आणि ऑइल थेट एक्झॉस्टमधून बाहेर टाकत होत्या, हेही तितकेच खरे. इंजिनाची रचनाच तशी होती, ताजे मिश्रण आत येताना त्याचा काही भाग उघड्या पोर्टमधून निसटायचाच. कितीही कसबी हात असला तरी ते थांबवता येत नव्हते.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ लागू झाले. चारवरून थेट सहावर उडी मारली गेली. पेट्रोलमधला गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आणला गेला, आणि दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला १ ग्रॅम, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांची ०.०६ ग्रॅम ठरली. म्हणजे किलोमीटरला साठ मिलिग्रॅम. इतक्या कमी प्रमाणातला फरक वासाने किंवा आवाजाने कळणे शक्य नाही, आणि कार्बन मोनॉक्साइडला तर मुळात वासच नाही. तरीही आजचे कितीतरी हौशी मेकॅनिक एफआय गाडीची नाडी कार्ब्युरेटरच्या गाडीसारखी पाहतात. माझा आक्षेप इथे आहे.

एक उदाहरण जरा जवळून पाहू, कारण हा प्रकार वारंवार समोर येतो. बीएस ६ गाडीचा अ‍ॅव्हरेज घसरतो, प्लग काढला तर काळाकुट्ट. पहिला संशय इंजेक्टरवर. तो साफ होतो, मग बदलला जातो, मग थ्रॉटल बॉडी धुतली जाते, मग कोणीतरी ईसीयू गेला असे सांगतो आणि खर्चाचा आकडा ऐकून मालक गप्प होतो. दोष असतो सिलिंडर हेडला सायलेन्सरचा बेंड जोडतो तिथल्या रिंग पॅकिंगमध्ये. बेंड कधीतरी काढला होता आणि चेपलेले जुने पॅकिंग तसेच बसवले होते. एक्झॉस्टचा प्रवाह ठोक्याठोक्याने जातो. दोन ठोक्यांच्या मध्ये बेंडमध्ये क्षणभर ओढ निर्माण होते आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत खेचली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो. ईसीयूला वाटते की मिश्रण लीन आहे, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. सेन्सर त्याचे काम चोख करतो आहे, ईसीयूही चोख करतो आहे, आणि दोघे मिळून गाडी रिच करत आहेत. इंजिन थंड असताना चालू करून सांध्यावर साबणाचे पाणी सोडा, बुडबुडे येतात. नाहीतर सांध्याभोवती काजळीचा फराटा शोधा. पॅकिंगची किंमत किरकोळ आहे, पण ते दर खेपेला नवेच बसवायचे आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायचे.

या ऑक्सिजन सेन्सरवर सारा डोलारा उभा आहे. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साधारण १४.७ भाग, या प्रमाणाच्या अगदी जवळ मिश्रण राहिले तरच पुढचा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तिन्ही विषारी घटकांवर एकाच वेळी काम करतो. त्यातल्या धातूच्या पत्र्याच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असतो. ती जाळी साधारण अडीचशे-तीनशे अंश तापल्याशिवाय नीट कामाला लागत नाही. प्लग मिसफायर होत असताना गाडी तशीच दामटली, तर न जळलेले पेट्रोल जाळीवर जाऊन पेटते आणि ती वितळू लागते. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधले फॉस्फरस लेपावर बसते. साधा सिलिकॉन सीलंट सढळ हाताने वापरला तर त्याची वाफ सेन्सर निकामी करते. सेन्सरला चालणारा सीलंट वेगळा मिळतो, तोच आणावा.

आणि मग येते ते 'जाळी काढणे'. कन्व्हर्टर कापून काढायचा, किंवा थेट बाजारचा मोकळा सायलेन्सर लावायचा, कारण गाडी 'श्वास घेत नाही'. कार्ब्युरेटरच्या गाड्यांवर याचाच धाकटा भाऊ होता, एक्झॉस्ट पोर्टपाशी ताजी हवा सोडून न जळलेला वायू जाळणारा एअर सक्शन व्हॉल्व्ह पत्रा मारून बंद करणे. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरात फटफट आवाज होतो, एवढ्यासाठी. तो आवाज बहुधा गळक्या पॅकिंगमुळे किंवा मिश्रण चुकल्यामुळे येतो. मूळ दोष शोधायचा सोडून जो भाग शहाण्यासारखा वागतो आहे त्यालाच मारून टाकणे, ही मेकॅनिकी नव्हे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९०(२) मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण मी इथे दंडाच्या धाकाने लिहीत नाही. त्या सायलेन्सरच्या तोंडाशी सिग्नलला कोणाचे तरी लहान मूल स्कूटरच्या पुढच्या फळीवर उभे असते, ही गोष्ट मला दंडापेक्षा मोठी वाटते. असे बदल कसे करावेत हे या मासिकात कधीही छापले जाणार नाही.

इथेनॉलचा मामला मात्र निराळा आहे. तिथे हौशी मेकॅनिकची खरोखर गरज आहे. आपल्याच राज्यातल्या उसापासून बनलेले इथेनॉल आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. इथेनॉलला जळायला एका भागामागे हवेचे नऊच भाग लागतात, त्यामुळे वीस टक्के मिश्रणाचे योग्य प्रमाण साधारण १३.५ वर उतरते. एफआय गाडी सेन्सरच्या मदतीने हे बऱ्यापैकी सांभाळून घेते. शुद्ध पेट्रोलसाठी जेट बसवलेली जुनी गाडी मात्र आपोआप सात-आठ टक्के लीन होते. सकाळी चोकशिवाय धरत नाही, थ्रॉटल दिल्यावर अडखळते, इंजिन तापते, प्लग पांढरट दिसतो. पायलट जेट एक नंबर मोठा लावणे, मेन जेट प्लगचा रंग पाहून ठरवणे, फ्लोट निडलचे रबर आणि पेट्रोलचे जुने पाइप इथेनॉल सोसणारे बसवणे, एवढे नीट केले तर ती गाडी पुढची दहा वर्षे सुखाने चालेल. एअर फिल्टरवर फडके गुंडाळून हवा कोंडणे हा उपाय नव्हे. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून कोकणात पावसाळाभर उभी राहणारी गाडी असेल तर फ्लोट बाऊल रिकामा करून ठेवावा.

हत्यारांबद्दल थोडक्यात. रिंग पाने, टी-पाने, एलन कीचा संच सगळ्यांकडे असतोच. यापुढचा पहिला पैसा डिजिटल मल्टिमीटरवर घालावा, दुसरा टॉर्क रेंचवर. दहा मिलिमीटर आट्यांचा प्लग १०-१२ न्यूटन मीटरलाच आवळायचा असतो, आणि अंदाजाने आवळताना अ‍ॅल्युमिनियम हेडचे आटे गेलेले आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. झिर्कोनिया प्रकारचा सेन्सर तापलेल्या इंजिनावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होताना दिसला पाहिजे. आकडा एका जागी चिकटला तर शोध सुरू करायचा. त्या सेन्सरवर ओहमची रेंज मात्र लावू नये.

घरच्या वर्कशॉपची हवा हाही उत्सर्जनाचाच भाग आहे. शटर ओढून घेतलेल्या गॅरेजमध्ये टायमिंग बघायला इंजिन चालू ठेवणे जिवावर बेतते, थंडीच्या दिवसांत सुद्धा दार उघडेच हवे. चेन आणि सुटे भाग पेट्रोलने धुण्याची सवय सोडावी. ते पेट्रोल वाफ होऊन आपल्याच फुप्फुसात जाते आणि ठिणगीची वाट पाहत बसते. काढलेले इंजिन ऑइल गटारात ओतू नये, कॅनमध्ये साठवून नोंदणीकृत रिसायकलरकडे पोहोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे.

आता कंपन्यांकडे वळतो. त्यांची बाजू सहसा अशी असते की बाहेरच्या हाताने उत्सर्जनाची यंत्रणा बिघडते. अडाणी हाताने ती बिघडते हे मान्य. पण तो हात अडाणी ठेवला कोणी? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला, तो सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना नाकारल्याबद्दल होता. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, त्यात मोटार क्षेत्रही आहे. तरीही दुचाकीच्या एरर कोडची पूर्ण यादी, वायरिंगचा नकाशा आणि सेन्सरची मोजमापे साध्या माणसाला सहज मिळत नाहीत. सर्व्हिस मॅन्युअल वाजवी किमतीत, शक्य तर मराठीत, आणि कोड वाचणारे साधन कोणालाही विकत घेता येईल असे उपलब्ध झाले पाहिजे. ही मागणी आम्ही दुचाकी उत्पादकांकडे लेखी पाठवत आहोत.

पुढच्या अंकापासून ऑक्सिजन सेन्सर, मॅप सेन्सर आणि थ्रॉटल पोझिशन सेन्सर घरच्या मल्टिमीटरने तपासण्याची सचित्र लेखमाला सुरू होते. वाचकांनी आपल्या गाडीचे मॉडेल, चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकला आणि शेवटी दोष कुठे सापडला, हे आम्हाला लिहून कळवावे. कंपन्या यादी देईपर्यंत ती आपणच तयार करू.