वांगं सडलं की अळीचंच औषध का?



कपाशी-ज्वारीच्या कोरडवाहू पट्ट्यात विहिरीजवळच्या चार ओळी वांगी म्हणजे घरचा हातखर्च. पावसाळ्यात ती सडू लागली की आपण दुकानात धावतो आणि दुकानदार अळीचे औषध हातात ठेवतो. मीही एका हंगामात असे तीन फवारे मारले. वांगी सडतच राहिली. रोग बुरशीचा होता!

फळ कापून पाहा. अळी असेल तर आत पोखरलेली वाट आणि विष्ठा सापडते. फळकुजीत तसे काही नसते. सालीवर फिकट, खोलगट डाग पडतो, पसरतो, आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके उठतात, बहुधा गोलाकार रांगांत. पानावर तपकिरी कडेचे, मध्ये राखाडी गोल डाग. त्यांतही तेच काळे ठिपके. ही फोमॉप्सिस बुरशी. तिच्यावर अळीचे औषध म्हणजे पैसा मातीत.

ती बियाण्यातून येते, पालापाचोळ्यात टिकते, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरते. आपण मात्र बाजारात न खपलेले डागी वांगेच बियाला ठेवतो! बी निरोगी झाडाचेच धरा. ते ५० अंश सेल्सिअस पाण्यात ३० मिनिटे ठेवून सावलीत सुकवा. थर्मामीटर लावूनच, अंदाजाने नको, पाणी जास्त तापले तर बी मरते. सडकी फळे, पाने वेचून जाळा. त्या जागी तीन वर्षे वांगी नकोत.

आणि औषध घ्यायचेच झाले तर सडके वांगे सोबत न्या. दुकानदाराला पावतीवर रोगाचे नाव लिहायला सांगा. लिहीत नसेल तर पैसे देऊ नका.