अंतर कोणीं पाळावें?

घरांतील एकाची प्रकृति नाजूक आणि दुसऱ्यास पोटासाठीं रोज बाहेर पडणें भाग, अशा घरीं पथ्य कोणीं पाळावें, हा प्रश्न पनवेलकरांस २०२० सालीं फार जाणवला. त्या वर्षीं २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. तथापि इस्पितळें, वीज व पाणी बंद ठेवून कसें चालणार? १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेंतील नोकरांपुरती पनवेल-मुंबई लोकल पुन्हां धांवूं लागली. सकाळीं कामावर गेलेला मुलगा रात्रीं परत येई, तों घरांत दमेकरी आई किंवा मधुमेही वडील असत. त्याला घरीं बसण्याचा उपदेश करणें सोपें. पण आईचें औषधहि त्याच्याच पगारांतून यावयाचें!

अशा वेळीं म्हाताऱ्या माणसास आंतल्या खोलींत बसविण्याकडे पुष्कळांचा कल असतो. हेतु चांगला, उपाय मात्र उलटा. करोनाचा संसर्ग मुख्यतः श्वासावाटें होतो आणि कोंदट जागेंत त्याचे सूक्ष्म कण बराच वेळ तरंगत राहतात. शिवाय बाधा झालेला मनुष्य ताप येण्यापूर्वीं एक-दोन दिवस आधींच दुसऱ्यास रोग देऊं शकतो. म्हणून दुखणें दिसूं लागल्यावर सावध होण्यांत अर्थ नाहीं.

आमचें मत असें कीं, अंतर पाळण्याचा भार बाहेर जाणाऱ्यानें उचलावा. उजेडाची, वाऱ्याची खोली नाजूक माणसास द्यावी. खोली एकच असेल, तर खिडकीजवळचें अंथरूण त्याचें. परतल्यावर साबणानें निदान २० सेकंद हात धुवावे. सोंवळ्याची संवय असलेल्या घरांस हें नवें नाहीं. मात्र सोंवळ्यानें श्वास अडत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. घरांतहि नाकातोंडावर मुखपट्टी नीट बसवावी. ती जेवतांना काढावीच लागते, म्हणून साथीच्या दिवसांत एका पंक्तीस बसूं नये. पनवेलच्या मुसळधार पावसांत खिडक्या लावून घेण्याचा मोह होतो. तरी एखादी उघडी ठेवावीच.

परंतु अंतर म्हणजे अबोला नव्हे. रोज थोडा वेळ सज्जांत चार हातांवर बसून बोलावें. कोणतें पथ्य सोसवेल, कोणतें जाचतें, हें त्या वडील माणसासच विचारावें. त्याच्याविषयीं परस्पर ठरवूं नये.

जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं करोनाची आणीबाणी उठविली, तरी तो रोग गेलेला नाहीं. इन्फ्लुएन्झाहि दरवर्षीं येतोच. कर्करोगाचे उपचार चालू असलेला रुग्ण, तान्हें मूल किंवा वृद्ध घरीं असेल, तर वैद्यांस विचारून सर्वांनींच योग्य त्या लशी घ्याव्या. आणि कामावरून येणाऱ्यास साधी सर्दी झाली, तरी त्यानें त्याच दिवसापासून निराळें निजावें. हें त्यानें न सांगतां केलें, म्हणजे घरांतील दुबळ्या माणसास आपण ओझें झालों असें वाटत नाहीं.