बाहुकाच्या हातची चव

इंग्रजी प्रेमकथांचा एक ठरलेला साचा असतो. कुणी एक उमराव नाव-गाव लपवून साध्या माणसासारखा वावरत असतो. कुणी एक सरदारकन्या दुसऱ्याच नावानं कुण्या म्हातारीची सोबतीण होऊन राहत असते. दोघांची गाठ पडते, खटके उडतात, प्रेम जमतं आणि शेवटच्या दहा पानांत मुखवटे उतरतात. मग कळतं, अगंबाई, दोघंही तोलामोलाची! घरच्यांची हरकत संपते, लग्न लागतं, पुस्तक मिटतं. जॉर्जेट हेयर या लेखिकेची 'रीजन्सी बक' १९३५ साली आली आणि पुढे अशा कादंबऱ्यांची पेठच उघडली. आमच्या वाडीतही दुपारची भांडी-धुणी आटोपली की कुणाच्या ना कुणाच्या उशाशी असलं पुस्तक सापडतंच. शाळेतल्या मुली तर मोबाईलवर 'ब्रिजर्टन' पाहून राहिल्या आहेत.

'रीजन्सी' म्हणजे १८११ ते १८२० ही वर्षं. राजा तिसरा जॉर्ज मनाच्या आजारानं कारभार पाहू शकेना, म्हणून त्याचा मुलगा राजप्रतिनिधी झाला. गंमत म्हणजे त्याच सुमारास आपल्या नागपुरातही तीच तऱ्हा होती. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसल्यांची गादी गेली आणि १८१८ साली लहानग्या तिसऱ्या रघुजीला बसवून बाकाबाईसाहेबांना त्याच्या पालक नेमलं. खरा कारभार मात्र रेसिडेंट जेनकिन्सच्या हाती! पण लपलेल्या ओळखीची प्रेमकथा शोधायला भोसल्यांच्या वाड्यात जायचं कारण नाही. ती आपल्या विदर्भात त्याहून कितीतरी जुनी आहे.

वाडीहून अमरावती रोडला लागलं, तळेगाव-तिवसा गाठलं की तिथून वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर आहे. रुक्मिणीचं माहेर. दर आषाढीला तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते, हे आपल्याकडच्या बायांना सांगायला नको. परंपरेनं हेच जुनं कुंडिनपूर, विदर्भाच्या राजांची राजधानी. आणि याच कुंडिनपूरच्या भीम राजाची लेक म्हणजे दमयंती.

दमयंती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हंस येतो. रघुनाथपंडितांच्या आख्यानातला हंस शाळेत वाचलेला असतो, राजा रविवर्म्याच्या चित्रातली हंसाशी बोलणारी दमयंती कॅलेंडरवर पाहिलेली असते. देवांनी नलाचं रूप घेतलं आणि तिनं खरा नल ओळखून माळ घातली, इथवर सगळ्यांना ठाऊक. पण इंग्रजी पुस्तक जिथे मिटतं, तिथे महाभारताच्या वनपर्वातली ही गोष्ट खरी सुरू होते. लग्नाला बारा वर्षं झालेली, पदरात मुलगा आणि मुलगी, आणि त्यानंतर नवरा-बायको दोघंही नाव बदलून परक्यांच्या घरी चाकरी करतात. अशी प्रेमकथा मला दुसरीकडे वाचल्याची आठवत नाही.

ही बारा वर्षं कली दाराशी दबा धरून होता म्हणे. नलात काही उणं सापडेना. एके दिवशी तो पाय न धुता संध्येला बसला आणि तेवढ्या फटीतून कली आत शिरला. (घरात शिरताना पाय धुवा म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या आयांनी ही गोष्ट जरूर वापरावी!) मग भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत. राज्य चाललंय हे दमयंतीला दिसत होतं. तिनं काय केलं? रडत बसली नाही. वार्ष्णेय नावाच्या सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलांना रथात घालून आपल्या माहेरी, कुंडिनपूरला पोचवलं. स्वतः मात्र नवऱ्याजवळ थांबली. पुष्कर म्हणाला, आता दमयंतीला पणाला लाव. तेव्हा नलानं उत्तर न देता अंगावरचे दागिने उतरवले आणि तो निघाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रानात दोघांच्या अंगावर मिळून एकच वस्त्र. नल पुन्हा पुन्हा विदर्भाची वाट दाखवतो. ती म्हणते, वाट मला कशाला दाखवता, दोघंही जाऊ की माझ्या माहेरी. तो म्हणतो, थाटात गेलो होतो, आता या दशेत सासुरवाडीला कसा जाऊ? राजा असो की कारकून, या बाबतीत पुरुषजात एकच. शेवटी रात्री ती झोपलेली असताना ते वस्त्र अर्धं कापून तो निघून गेला.

इथून दोघांचे वेष सुरू होतात. नलाला कर्कोटक नाग डसतो, रूप पालटतं, आणि तो बाहुक नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे घोडे आणि स्वयंपाक सांभाळायला राहतो. दमयंती चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री होते. पण तिच्या चाकरीच्या अटी ऐका. कुणाचं उष्टं खाणार नाही, कुणाचे पाय धुणार नाही, परपुरुषाशी बोलणार नाही. नवऱ्याच्या शोधाला जाणाऱ्या ब्राह्मणांना मात्र भेटेन. राजमातेनं अटी मान्य केल्या. ती राजमाता दमयंतीची सख्खी मावशी होती! मळक्या वस्त्रातल्या आपल्या बहिणीच्या लेकीला तिनं ओळखलं नाही. सुदेव नावाच्या ब्राह्मणानं भुवयांमधल्या तिळावरून ओळखलं, आणि तोही धुळीखाली झाकलेला. तो पुसल्यावर मावशी गळ्यात पडून रडली. धूळ पुसायच्या आधी ती फक्त एक कामवाली होती.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'तली मालविकाही विदर्भाचीच राजकन्या, विदिशेच्या राजवाड्यात दासी म्हणून राहिलेली. तिची कुळकथा कळली आणि लग्न ठरलं, अगदी इंग्रजी कादंबरीसारखं. विदर्भाचे दोन भाग करून मध्ये वरदा म्हणजे आपली वर्धा नदी सीमा ठरल्याचा उल्लेखही त्या नाटकात आहे. नाटक गोड आहे, पण मालविकेला स्वतःला फारसं काही करावं लागत नाही. दमयंतीचं तसं नाही.

माहेरी आल्यावर तिनं आईला सांगितलं, मी जगावं असं वाटत असेल तर नलाला शोधा. ब्राह्मण देशोदेशी पाठवले, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न पढवला: अर्धं वस्त्र कापून, झोपलेल्या बायकोला रानात टाकून, जुगाऱ्या, तू कुठे गेलास? जिथे माणसं जमतील तिथे हे म्हणायचं आणि कोण उत्तर देतो ते बघायचं. अयोध्येत एका कुरूप सारथ्यानं डोळ्यांत पाणी आणून उत्तर दिलं, की कुलीन स्त्रिया संकटातही स्वतःला सांभाळतात, रागावत नाहीत. उत्तर मला काही पटलं नाही, पण दमयंतीला धागा मिळाला.

मग तिनं जो डाव टाकला तो आईला विश्वासात घेऊन आणि वडिलांना पत्ता न लागू देता. (माहेरच्या माजघरात असे बेत कसे शिजतात हे आपण जाणतोच.) फक्त ऋतुपर्णाला निरोप गेला: नलाचा पत्ता नाही, दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्या सूर्योदयाला आहे. अयोध्या ते कुंडिनपूर शंभर योजनं. एका दिवसात तेवढा रथ हाकणारा जगात एकच माणूस, हे तिला पक्कं माहीत. रथ निघाला. वाटेत ऋतुपर्णाकडून नल फाशांची विद्या शिकला आणि कली त्याच्या अंगातून निघून बेहड्याच्या झाडात शिरला. शेजारी वार्ष्णेय बसलेला, तोच मुलांना पोचवणारा सारथी. हा बाहुक नलासारखाच कसा हाकतो म्हणून चक्रावलेला. संध्याकाळी कुंडिनपुरात रथाचा आवाज घुमला आणि तिनं कानानं ओळखलं.

तरी ती धावत गेली नाही. केशिनी दासीला पाळत ठेवायला पाठवलं. केशिनीनं येऊन सांगितलं, हा बघतो आणि रिकामी भांडी पाण्यानं भरतात, गवत हातात धरतो आणि पेटतं. एवढ्यानंही दमयंतीचं समाधान झालं नाही. म्हणाली, त्यानं रांधलेलं थोडं मांस घेऊन ये. (शाकाहारी मैत्रिणींनी नाक मुरडू नये, क्षत्रियांचं घर होतं ते!) तिनं ते चाखलं. नलाच्या हातचं ती पूर्वी कितीदा जेवली होती. म्हणजे बघा, राजा असून घरी बायकोला रांधून घालत होता. आपण चांगल्या स्वयंपाकाला 'नलपाक' म्हणतो ते काही उगीच नाही. चेहरा गेला, नाव गेलं, अंगकाठी गेली, पण मीठमसाल्याचा हात तोच राहिला. मुखवटा काढायला इंग्रजी नायिकेला कागदपत्रं लागतात, हिला एक घास पुरला.

नंतर मुलांना त्याच्याकडे पाठवलं. बाहुक त्यांना पोटाशी धरून रडला आणि केशिनीला म्हणाला, माझीही अशीच दोन आहेत. तेव्हा कुठे आई-वडिलांच्या परवानगीनं तिनं त्याला आपल्या महालात बोलावलं, आणि पहिला प्रश्न केला तो प्रेमाचा नव्हे. झोपलेल्या निरपराध बायकोला रानात सोडून जाणारा माणूस तू कुठे पाहिलास का, बाहुका? त्यानं कलीवर बोट ठेवलं. वर तिलाच सुनावलं, दुसऱ्या स्वयंवराचा निरोप कसा दिलास म्हणून. सोडून गेला तो, आणि खुलासा द्यायचा तिनं! वायूनं आकाशातून तिच्या बाजूनं साक्ष दिली, मग त्यानं आपलं खरं रूप घेतलं. रुसणं-फुगणं संपून चौथ्या वर्षी संसार पुन्हा जुळला.

कीर्तनात इथे टाळ्या पडतात. पण वनपर्वात अजून एक डाव आहे. महिनाभर सासुरवाडीला राहून नल निषध देशी गेला आणि त्यानं पुष्कराला पुन्हा द्यूताला बोलावलं. एकाच डावात सगळं. आपल्या बाजूनं त्यानं मिळवलेलं धन लावलं आणि दमयंतीला लावलं. कली अंगात असताना जिला पणाला लावलं नव्हतं, तिला कली निघून गेल्यावर, शुद्धीवर असताना लावलं. आता फाशांची विद्या येत होती, हरणार नाही अशी खात्री होती, हे खरं. तो जिंकला, पुष्कराला मोठ्या मनानं माफही केलं, आणि मग दमयंतीला आणवलं.

डाव पडला तेव्हा ती कुंडिनपुरात, माहेरी होती. आमच्या शाळेत नववीच्या मुलींना ही गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तिले विचारलं होतं का जी?" विचारल्याचं महाभारतात कुठे येत नाही. तुम्ही तिच्या जागी असता तर निषधाला जाणाऱ्या त्या रथात बसला असता का, ते मला जरूर लिहा.