औषध का हरले?

औषध लागू पडेनासे झाले की ‘नशीब!’ म्हणून आपण हात टेकतो. मला हे पटत नाही. औषध का हरले, हे विचारायलाच हवे.

शरीरात पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेच पाहा. काही रोग्यांच्या गाठीत ‘बीआरएएफ’ या जनुकात बिघाड असतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगातही तोच बिघाड आढळतो. त्यावरचे व्हेम्युराफेनिब हे औषध २०११ साली अमेरिकेत मेलानोमासाठी मान्य झाले. आतड्याच्या कर्करोगात मात्र ते एकटे फिके पडले. २०१२ साली संशोधकांनी उलगडा केला : बीआरएएफची वाट अडवताच आतड्यातील कर्कपेशी ‘ईजीएफआर’ची पळवाट धरतात. मेलानोमाच्या पेशींत हे ईजीएफआर फारच कमी. मग दोन्ही वाटा एकदम अडवणारी एन्कोराफेनिब व सेटुक्सिमॅब ही जोडी २०२० साली तिथे मान्य झाली. आयुष्य काही महिन्यांनीच वाढते, हे खरे. पण मुलीचे लग्न पाहू इच्छिणाऱ्या बापाला ते महिने थोडे नसतात.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : असे महागडे औषध सुरू करण्याआधी गाठीची जनुक-तपासणी झालीच पाहिजे, आणि ती गरिबालाही परवडली पाहिजे. नाहीतर शेत विकून आणलेले औषध वायाच जायचे!